दोनशे चौदा चुका

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

जुना कॉम्प्युटर गेला.

दिवाळीची सुट्टी संपली, बटण दाबलं — पंखा फिरला, स्क्रीन काळाच. तीनदा करून पाहिलं. कादंबरी मागे उभी. सत्तावीस वर्षांची इंजिनिअर. "ताई, सोडा आता. जाऊ दे त्याला शांतपणे."

नुसता कॉम्प्युटर असता तर सोडला असता. सर्किट बोर्ड आखायचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावर आहे. नव्या विंडोजवर ते चढत नाही. त्याचं डोंगल — अंगठ्याएवढं कुलूपच ते — प्रिंटर पोर्टात बसतं, आणि प्रिंटर पोर्ट आता कुठल्याच कॉम्प्युटरला नसतो. सॉफ्टवेअरवाल्यांना मागेच मेल केला होता. उत्तर आलं, हे उत्पादन आमच्या नोंदीत नाही.

आणि नेमकी आत्ता फाइल उघडायला हवी. बेबी वॉर्मरच्या बोर्डवरचा रिले — हीटर चालू-बंद करणारा भाग — यायचा बंद झालाय. नवा बसवायचा तर आखणी बदलायला हवी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारं यंत्र. आमचा हडपसरचा कारखाना त्यावरच चालतो. साठ यंत्रांची ऑर्डर अडकलीय. मालक अभयसर म्हणाले, "नवीन सॉफ्टवेअर घेतलंय ना? मग त्यात उघडा. आठ दिवस देतो."

बोर्ड माझा आहे. २०११ साली आखलेला. त्यानंतर ती फाइल उघडायची वेळच आली नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

उघडली! तीन मिनिटं लागली, पण नव्या सॉफ्टवेअरने जुनी फाइल घेतली.

मग तपासणी लावली. दोनशे चौदा चुका.

कादंबरी खुर्चीतून उठलीच. "दोनशे चौदा! ताई, हा बोर्ड चालतो कसा?"

"बाळं जगलीत त्याच्यावर."

"म्हणजे बोर्डपेक्षा बाळं स्ट्राँग."

हसले. पण लागलं. २०११ सालचा तपासणीचा कागद फायलीत अजून आहे. त्यावर छापलंय — चुका : शून्य. खाली माझी सही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस आम्ही एकेक चूक पेन्सिलने खोडतोय. जवळजवळ सगळ्या आयातीच्या, म्हणजे जुनी फाइल नव्यात घेताना झालेल्या. जुन्या सॉफ्टवेअरमधली लंबगोल टिकली — सुटा भाग जोडायची तांब्याची जागा — नव्याला कळत नाही, ते तिची चौकोनी करतं. शेजारच्या टिकलीला कोपरा लागतो — चूक. अक्षरं फुगतात, तांब्यावर चढतात — चूक. एकशे नव्वद तर अशाच निघाल्या.

दोन तारांमध्ये — म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांमध्ये — किती अंतर हवं, त्याच्या नियमांची जुनी फाइल वेगळी असायची. ती नवं सॉफ्टवेअर घेतच नाही. नियम कादंबरीने हाताने भरले. तिला मी तोंडी सांगत गेले. सगळे पाठ आहेत, याचं तिला नवल.

"तुम्ही खरंच मराठी एम.ए.?"

"हो."

"मग इथे कशा?"

"मॅन्युअल लिहायला घेतलं होतं. शेजारच्या टेबलावर बोर्ड आखत होते. बघून बघून शिकले."

संध्याकाळी एकच चूक उरली. क्रमांक एकशे सदुसष्ट.

वॉर्मरला एक प्रोब असतो. बाळाच्या पोटावर चिकटवतात, तो बाळाचं तापमान सांगतो. त्या प्रोबची तार आणि भिंतीतून येणाऱ्या विजेची तार — बोर्डवर यांच्यात आठ मिलिमीटर अंतर हवंच. माणसाला लागणारी तार आहे. स्क्रीनवर अंतर दिसतंय शून्य पूर्णांक नऊ.

एक मिलिमीटरही नाही!

"इंपोर्टने सरकवली," मी म्हटलं.

कादंबरी म्हणाली, "इंपोर्ट आकार बदलतं. तार सरकवताना मी पाहिलं नाही."

"आता पाहा."

जरा तोडूनच बोलले. रिक्षात वाईट वाटलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मृत कॉम्प्युटर पिशवीत घालून तपकीर गल्ली. तिसऱ्या दुकानदाराने प्रिंटर पोर्टाचं नाव काढताच चष्मा वर केला. "शनिवारवाडा इथून जवळच आहे. तिथे चौकशी केलीत?"

चौथा माणूस बरा. झाकण उघडलं आणि नुसतं बोट ठेवलं. मदरबोर्डवरचे चार कपॅसिटर फुगलेत. डोकी वर आलेली, स्वच्छ दिसतात. "बाई, तुम्ही करता काय?"

"बोर्ड आखते."

तो परत फुगलेल्या कपॅसिटरांकडे वळला. बोलला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी देतो म्हणाला.

२ नोव्हेंबर, रविवार

काही नाही. लेक तनया परीक्षेच्या अभ्यासात. मी दोनदा डाळ करपवली. आयातीनेच सरकवलंय.

३ नोव्हेंबर, सोमवार

चालू झाला. निळा स्क्रीन, जुना आवाज. डोंगल लावलं. फाइल उघडली. मोजपट्टी लावली.

पस्तीस मिल, इंचाचे हजारावे भाग. म्हणजे शून्य पूर्णांक नऊ मिलिमीटर.

परत मोजलं. तेच.

कादंबरीने माझ्या खांद्यावर हात ठेवला, लगेच काढला. "ताई, पाणी आणू?"

आयातीने काही केलेलं नाही. तार पहिल्यापासून तिथेच आहे. मी ठेवली आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

झोप नाही. पहाटे आठवलं.

२०११. तनया सहा वर्षांची, टायफॉइड. मी धायरीला घरी, डोंगल पर्समध्ये घालून आणलेलं. बोर्ड तयार होता. अंतर बरोबर होतं. मोठ्या साहेबांचा — अभयसरांच्या वडिलांचा — फोन : प्रोबची पिन डाव्या बाजूला घ्या, डॉक्टरांना तिथे हवी. मी पेन ड्राइव्हवर बोर्डची फाइल आणली होती. नियमांची नाही. वेगळी असते, लक्षात राहिलं नाही.

नियमांची फाइल शेजारी नसली तर जुनं सॉफ्टवेअर काही विचारत नाही. गप्प राहतं आणि स्वतःचा नियम लावतं : दहा मिल. पाव मिलिमीटर. त्या मापाने पस्तीस मिल म्हणजे ऐसपैसच. पिन हलवली, तार नव्याने ओढली, तपासणी लावली. चुका : शून्य. घरच्या प्रिंटरवर छापलं, सही केली.

ऑफिसात परत तपासलं नाही. कागद होता ना हातात.

कादंबरीला सांगितलं. तिने जुन्या कॉम्प्युटरवर नियमांची फाइल शेजारी ठेवली, तपासणी लावली. चुका : एक. पाच सेकंदांचं काम.

एकशे चाळीस यंत्रं त्या बोर्डवर गेली आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

कोरड्या हवेत काही होत नाही. धूळ बसते, हवा दमट होते, मग त्या बारीक फटीतून विजेला वाट सापडते. प्रोबपर्यंत.

हे लिहिताना आत्ता रंगराव आठवले! बसलेली उभी राहिले.

२०१४ चा ऑगस्ट. लांबच्या एका रुग्णालयात वॉर्मरचा प्रोब हातात धरताना नर्सला शॉक बसला. खाली पडली, हात मोडला. यंत्र बसवलं होतं रंगरावांनी. आमचे सर्व्हिसचे तंत्रज्ञ. मोठ्या साहेबांसमोर उभे राहून म्हणाले होते, "साहेब, अर्थिंग मी सोताच्या हातानं लावलंय. करंट बोर्डातनं येतोय." साहेब म्हणाले, "बोर्ड तपासलेला आहे." आणि तो कागद दाखवला. माझा.

रुग्णालयाला अहवाल पाठवायचा होता. साहेबांनी मला बोलावलं. चांगलं लिहिता म्हणून.

कपाटातून प्रत काढली. चार ओळी आहेत. "अर्थिंगची जोडणी तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे सैल राहिल्याचे आढळले. बोर्ड निर्दोष आहे. नवजात बालकास कोणतीही इजा झालेली नाही."

साहेब म्हणाले होते, "वा. एक शब्द जास्तीचा नाही."

रंगरावांना महिन्याने काढलं.

बाळाला इजा झालेली नाही — हे मी कुणाला विचारून लिहिलं? आठवत नाही. कितीही ताणलं तरी कुणाला विचारल्याचं आठवत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अभयसरांना सांगितलं. सगळं, क्रमाने. ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले.

"आणखी कुणाला माहितेय?"

"कादंबरीला."

"हे बघा ताई. सॉफ्टवेअर बदलताना फाइल बिघडली, असं म्हणू. होतं तसं. सगळ्यांचंच होतं. नवीन साठ बोर्ड दुरुस्त करून पाठवू."

"जुन्या एकशे चाळीसांचं काय?"

"त्यांची वॉरंटी संपली."

मी उठले नाही. ते खाली बघून म्हणाले, "चाळीस माणसं कामाला आहेत इथे. तुम्ही धरून."

८ नोव्हेंबर, शनिवार

कादंबरी सकाळीच टेबलाशी. हातात जुना बोर्ड. एका रुग्णालयातून दुसऱ्याच कारणाने दुरुस्तीला आलेला, आमच्याच कपाटात पडून होता. "हे बघा आधी. बसा आणि बघा."

प्रोबची तार बोर्डावर नाही! दोन इंच तांबं ब्लेडने खरवडून काढलंय. सफाईने, कडा सरळ. त्याच्याऐवजी वरून जाड पिवळी वायर, लांबून वळसा घालून, दोन ठिकाणी चिकटवलेली. विजेपासून पुरतं दोन सेंटिमीटर लांब.

कुणी तरी माझी चूक दुरुस्त केली आहे.

कपाटात असे आणखी दोन. तसंच खरवडलेलं, तशीच पिवळी वायर. आमच्याकडे पिवळी वायर कधीच आली नाही.

कादंबरी म्हणाली, "कोण आहे हा माणूस?"

मला कळलं होतं. कपाटातून जुनं हजेरीपुस्तक काढलं.

९ नोव्हेंबर, रविवार

येरवड्याला गेले. पत्ता जुन्या हजेरीपुस्तकातला, पण माणूस तिथेच निघाला. बाहेरच्या खोलीत टेबल, टेबलावर सक्शन मशीन उघडं. दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करतात. केस पांढरे. मला बघून उठले, खुर्चीवरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "म्याडम! बसा. गोदे, च्या टाक गं, हापिसातल्या म्याडम आल्यात."

मी पिशवीतून बोर्ड काढून ठेवला. त्यांनी उचललाही नाही.

"हां. माझाच हाय."

"किती केलेत असे?"

"वहीत असंल." वही काढली. यंत्राचा क्रमांक, गाव, तारीख. अकरा वर्षं. अठ्ठ्याऐंशी यंत्रं. कुठल्याही दवाखान्यात कशालाही बोलावलं की आधी वॉर्मर कुठंय विचारायचे.

"कळवलं का नाहीत आम्हाला?"

आतून चहा घेऊन त्यांच्या पत्नी गोदाबाई आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "कळवलं हुतं की एकदा. तवा काय झालं?"

"तू गप," रंगराव म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "कागुद तुमच्याकडं हुता, म्याडम. माझ्याकडं नुसतं तोंड. कळवून काय करतो? म्हटलं, खरवडून टाकावं."

मी म्हणाले, चूक माझी होती. अहवालही मीच लिहिला होता.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "चांगला लिवला हुता. मलाबी वाचून वाटलं, लावलं का न्हाई आपण अर्थिंग?"

चहा संपवला. निघताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. "येकशे चाळीस गेलीत म्हणता, तर बावन राहिलीत. लांबची हायेत. माझ्यानं आता फटफटी होत न्हाई येवढी."

११ नोव्हेंबर, मंगळवार

अभयसरांना वही दाखवली. वाटलं होतं, हायसं वाटेल त्यांना. अठ्ठ्याऐंशी यंत्रं धडधाकट आहेत!

पानं उलटली. चेहरा बदलला. "म्हणजे आमच्या बोर्डावर बाहेरच्या माणसाने हात चालवलाय. लेखी पुरावा आहे."

"सर?"

"ताई, हे उत्तम झालं. कुठे काही झालंच तर — परस्पर छेडछाड. काढून टाकलेला माणूस, राग धरून बसलेला. रुग्णालयांना एक पत्र जाऊ दे. तुम्हीच लिहा. तुम्हाला जमतं तसं."

बाहेर येऊन बसले. कागद घेतला. आणि दोन ओळी आल्या. सहज! चांगल्या आल्या. एक शब्द जास्तीचा नाही.

हाताकडे बघत बसले. मग कागद फाडला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तनयाला सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या टायफॉइडमुळे?" नाही म्हटलं. चारदा नाही म्हटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कादंबरी दुपारी म्हणाली, "ताई, सगळ्या ग्राहकांचे पत्ते माझ्या डेस्कटॉपवर आहेत. स्क्रीन लॉक करायला मी नेहमी विसरते. चहाला चाललेय. वीस मिनिटं लागतील. पंचवीससुद्धा लागतील."

वहीत नसलेली बावन्न यंत्रं. बावन्न रुग्णालयं. घरी येऊन पत्र लिहिलं. माझ्या नावाने, माझा फोन नंबर घालून.

"आपल्याकडील बेबी वॉर्मरच्या बोर्डमध्ये गंभीर दोष आहे. प्रोबमधून विजेचा धक्का बसू शकतो. हा दोष माझ्या हातून २०११ साली झाला. २०१४ साली त्याबद्दल तंत्रज्ञ रंगराव यांना दोषी ठरवणारा अहवालही मीच लिहिला. तो खोटा होता. बोर्ड दुरुस्त होईपर्यंत हे यंत्र ताबडतोब बंद करावे."

दोनदा वाचलं. बदलण्यासारखं काही नव्हतं. सात वाजून दहा मिनिटांनी बावन्न मेल गेले. प्रत अभयसरांना. एक प्रत कागदावर, रंगरावांसाठी.

किती वर्षांनी पोटभर जेवले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अभयसरांनी कपाटाची किल्ली मागितली. दिली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला एक दिवस आधी विचारायचं तरी." कादंबरी रिक्षापर्यंत आली, जुन्या कॉम्प्युटरचं डोंगल माझ्या पर्समध्ये टाकलं आणि वळून गेली.

रंगरावांना फोन केला, प्रत वाचून दाखवली. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गोदीला वाचून दावा. थांबा, देतो तिच्याकडं."

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सहाला फोन. घाटापलीकडचं छोटं रुग्णालय. मंदाकिनी सिस्टर.

"मॅडम, तुमचं पत्र काल दुपारी वाचलं. लगेच बंद केलं मशीन. आमच्याकडे ते एकच आहे. बाळ बाराशे ग्रॅमचं. रात्रभर आईच्या छातीशी ठेवलं, पण गार पडत चाललंय. पाय निळे दिसतात. पुण्याची गाडी अजून आली नाही. मशीन लावू का परत?"

लावा, म्हटलं. आत्ता लावा. फक्त प्रोब काढा, मॅन्युअल मोडवर टाका, ऊब हाताने कमी-जास्त करा, बाळाला हात लावून बघत राहा.

"मग पत्रात तसं का नाही लिहिलं?"

तिने फोन आपटला. धावतानाचा आवाज आला.

अजून एक्कावन्न ठिकाणी ते पत्र पोचलंय.